भिंतीत उमटलेला उलटा हात

एक

सुदामा द्वारकेच्या दाराशी येऊन उभा होता. द्वारपाल त्याला आत सोडत नव्हते, आणि आता देव कधी धावत येतो म्हणून मुलुंडच्या कीर्तनमंदिरातले दोनशे श्रोते श्वास धरून बसले होते. वैशंपायनबुवांनी चिपळी उचलली, एक पाऊल पुढे टाकलं, आणि नेमकी त्याच क्षणी पुढच्या रांगेतली एक म्हातारी ओरडली,

"अगं बाई, हात! भिंतीत हात!"

श्रावणातला बुधवार होता. बाहेर सर कोसळत होती, म्हणून सगळ्या खिडक्या लावून घेतल्या होत्या. व्यासपीठामागची भिंत हे त्या नव्या मंदिराचं लेणं. पाहणाऱ्याला वाटावं संगमरवर, आणि होता चुन्याचा गिलावा, पण असा घोटलेला की सोमवारी उद्घाटनाला आलेल्या एका गृहस्थांनी बोटाच्या पेराने टकटक करून विचारलं होतं, "फरशा मकराण्याहून मागवल्या का हो?" पांढऱ्याशुभ्र भिंतीत निळसर शिरा अशा धावत होत्या, जणू दगडातच जन्मल्या.

ती भिंत आज करडी पडली होती. आणि त्या करड्यात, बुवांच्या पाठीमागे, एकच पांढरा स्वच्छ हात. तळवा, चार बोटं, अंगठा.

मग काय विचारता! सुदामा दारातच राहिला. लोक उठले, व्यासपीठावर चढले. कोणी हातावर डोकं टेकलं, कोणी फुलं वाहिली. रेटारेटीत समई आडवी झाली आणि साठीच्या एका बाईंचं मनगट दुखावलं.

बुवांनी चिपळ्या खाली ठेवल्या. पंचेचाळीस वर्षांत त्यांनी आख्यान अर्ध्यावर सोडलं नव्हतं.

"देव असा भिंतीआडून हात दाखवत नाही," ते शांतपणे म्हणाले. "हे माणसाचं काम आहे. ज्याने केलं त्याने सांगावं. तोवर मी इथे उभा राहणार नाही."

दोन

मंदिराचे सेक्रेटरी श्यामकांत प्रधान. माणूस वाईट नव्हता, पण घाईचा. त्याने मनाशी निकाल लावूनही टाकला होता.

"मिस्त्रीचीच करामत. आपली भिंत गाजावी म्हणून मुद्दाम करून ठेवलंय. शनिवारी सकाळी माणसं बोलावतो, सगळं खरवडून काढायचं आणि वर ऑइलपेंट मारायचा. विषय संपला!"

दशरथ मिस्त्री दाराशी चपलांजवळ उभा होता. मालवणकडचा पन्नाशीचा माणूस, बोटं चुन्याने खाऊन पांढरी झालेली. दोन महिने त्याने चुना मुरवला होता, चाळीस दिवस भिंत चढवली होती. आजवर दुसऱ्यांच्या हाताखाली कामं केली. ही त्याच्या स्वतःच्या नावाची पहिली भिंत. ती लबाडीची म्हणून खरवडली गेली, तर कुर्ल्यापासून ठाण्यापर्यंत त्याला कोण उभं करणार होतं?

तो फक्त एवढंच म्हणाला, "विठोबाची शपथ, मी नाय केलंय."

आणि गर्दीतून एक आवाज आला, "श्यामकांत, शनिवारपर्यंत दोन दिवस आहेत ना रे? मग ते मला दे."

हे भाऊ टिपणीस. रेल्वेच्या हरवलेल्या सामानाच्या कचेरीत तीस वर्षं नोकरी केलेले. नाव-पत्ता नसलेली ट्रंक उघडून, आतला एखादा मोजा किंवा लोणच्याची बरणी पाहून ते मालक शोधून काढत. रिटायर झाल्यापासून, कीर्तन जुन्या मंडपात होई तेव्हाही, एक संध्याकाळ त्यांनी चुकवली नव्हती.

"सामान सापडलंय," भाऊ म्हणाले, "आता मालक शोधायचा, एवढंच."

त्यांच्या पत्नी कुंदाबाई मागून पुटपुटल्या, "घरचा चष्मा सापडत नाही तो आधी शोधा म्हणावं."

हात विरायला लागला होता. भाऊंनी वर्तमानपत्राचं पान भिंतीवर धरून शिसपेन्सिलीने त्याची कड उतरवून घेतली, आणि जमिनीपासून किती उंच, ते सुतळीने मोजून तिला गाठ मारली. खिडक्या उघडल्या तशी भिंत पुन्हा पांढरी झाली. हात गेला. जणू कधी नव्हताच!

तीन

गुरुवारी सकाळी भाऊ रिकाम्या मंदिरात गेले. कागद भिंतीला लावून पाहिला, आणि काल गर्दीत कोणाच्याच ध्यानात न आलेली गोष्ट त्यांना दिसली. बोटं खाली होती! मनगट वर, बोटं जमिनीकडे.

ते कागदाकडे तोंड करून उभे राहिले, तसा हात टेकवायला गेले तर मनगट पिरगळलं. मग त्यांनी सहज पाठ फिरवली. भिंतीला पाठ, तोंड रिकाम्या सभागृहाकडे. उजवा हात नुसता मागे सोडला. तळवा आपसूक भिंतीला टेकला, बोटं खाली. फक्त सुतळीच्या गाठीपेक्षा चांगला चार बोटं वर.

"म्हणजे माझ्यापेक्षा ठेंगणं कोणीतरी," भाऊ स्वतःशीच म्हणाले. "आणि नेमकं बुवांच्या जागी उभं होतं."

समई घासत बसलेल्या रुक्मिणीने वर पाहिलं. मंदिराचा केरवारा, दिवाबत्ती तीच करी. नवरा गिरणीत होता, तो जाऊन सहा वर्षं झाली.

"काही म्हणालात भाऊ?"

"नाही गं. मिस्त्री कुठे भेटेल?"

"मागच्या पडवीत. काल रात्रीपासून जेवला नाही. मी भाकर दिली, ती पण तशीच."

दशरथ खरंच पडवीत बसला होता, गुडघ्यात मान घालून. भाऊ त्याच्या शेजारी बसले.

"मिस्त्री, ही भिंत करतात कशी, ते तरी सांग. चुना म्हणजे पानाला लावतात तो, एवढंच मला ठाऊक."

कामाचं नाव काढताच माणूस सरळ झाला. "चुनो मुरवूचो, भाऊनू, लोण्यासारखो. तेच्यात संगमरवराची पूड. पातळ पातळ थर. वल्या थरात मोराच्या पिसान शिरा वढूच्यो, म्हणजे रंग आत जाता, वर रवणा नाय. आणि मग गारगोटीन घोटूचा. घोटता घोटता तोंड दिसूक लागता. माझी घोटाई रविवारी दुपारी बारा वाजता पुरी झाली."

"आणि मग?"

"मग..." दशरथ थांबला. नजर खाली गेली. "मग काय नाय."

"काहीतरी राहिलंय, मिस्त्री."

"रवला तर रवला. देवाक गेला ता गेला. तेचा काय बोलूचा?"

आणि तो उठून आपली हत्यारं धुवायला लागला.

चार

रविवारी दुपारी बारानंतर मंदिरात कोण कोण होतं? भाऊंनी श्यामकांतला गाठलं.

"मी तीनला आलो होतो. मिस्त्री जेवायला घरी गेलेला. नंदू व्यासपीठाखाली पेटी पुसत होता, आणि रुक्मिणी कोपऱ्यात खिरापतीचं खोबरं किसत होती. बस्स."

"तू आत आलास तेव्हा काही वेगळं दिसलं?"

"वेगळं? नाही बुवा. हां, दोघंही गप्प होती. नंदू गप्प म्हणजे जरा वेगळंच म्हणा." तो हसला, पण लगेच कपाळाला आठ्या घातल्या. "भाऊ, कशाला त्या मिस्त्रीसाठी जीव काढताय? काल कोणाचं डोकं फुटलं असतं तर?"

"म्हणून तर. खरवडून तुझा ऑइलपेंट लागेल रे, पण कोणी केलं ते कळेल का?"

नंदू हा पेटीवाला. दिवसा एका औषधाच्या कंपनीत टायपिस्ट, संध्याकाळी बुवांच्या साथीला. पंचवीस वर्षांचा, तोंडाचा फटकळ.

"काय भाऊ, मलाच आरोपी करताय की काय? माझा हात बघा, पंजा आहे की फावडं!" त्याने कागदावर हात ठेवला. खरंच, कागदावरचा हात त्याच्या बोटांखाली झाकून गेला.

"आरोपी कोण म्हणतंय? रविवारी दुपारी काय वाजवत होतास, एवढंच सांग."

"असंच. काळी पाचमध्ये जरा हात फिरवून बघत होतो."

"काळी पाच?"

"हो, म्हणजे..." नंदूने जीभ चावली. "म्हणजे नवी पेटी ना. सगळ्या पट्ट्या बघाव्या लागतात."

भाऊंनी कागदाची घडी घातली. दोन वर्षं ते बुवांच्या समोर बसत होते. बुवा गात काळी एकमध्ये. क्वचित आवाज बसला तर त्याच्याही खाली. काळी पाचमध्ये बुवांना कोणी गायला लावलं असतं, तर चिपळ्या टाकून पळाले असते!

काळी पाच बाईमाणसाची पट्टी. रविवारी दुपारी त्या रिकाम्या मंदिरात कोणीतरी गात होतं.

पाच

आता एकच गाठ सुटत नव्हती. कोणी का टेकेना, हात उमटला कसा? आणि बुधवारीच का? सोमवारी, मंगळवारी त्याच भिंतीसमोर कीर्तन झालं होतं.

शुक्रवारी सकाळी भाऊ दाढीला बसले. कुंदाबाईंनी कढत पाण्याचा तांब्या आरशापुढे ठेवला. वाफ लागून आरसा धुरकटला, आणि त्या धुरकटात खालच्या कोपऱ्यात दोन बोटांचे ठसे तेवढे स्वच्छ राहिले.

"कुंदा! आरशाला हात कोणी लावला?"

"मीच लावला असेल. केसांना तेल लावत होते मघाशी. पुसते हो, एवढं ओरडायला काय झालं?"

"पुसू नकोस!"

भाऊ अर्ध्या दाढीनिशी उठून उभे राहिले. जिथे तेल, तिथे वाफ बसत नाही. दोनशे माणसांचे श्वास, ओले कपडे, बंद खिडक्या. म्हणून बुधवारी भिंतीने ओल घेतली आणि ती करडी पडली. आणि त्या हाताने मात्र घेतली नाही, कारण तो हात तेलाचा होता.

"कुंदा, खोबरं किसलं की हाताला काय राहतं?"

"तेल राहतं. सुकं खोबरं असलं तर कोपरापर्यंत. अहो, पण साबण पुसा तरी, कानाला लागलाय!"

पण भाऊ गेले होतेच. पडवीत दशरथसमोर उकिडवं बसून त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"मिस्त्री, घोटाईनंतर भिंतीला शेवटी खोबरं लावतात का रे?"

दशरथच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"तुमका कोणी सांगल्यान?"

"तुझ्या भिंतीने. सांग आता."

"खोबऱ्याच्या वाटयेन सगळी भित घासूची, दुसऱ्या दिवशी. मगे भित पाणी पिणा नाय. बाजारातसून खोबऱ्याचे पाच गोटे हाडलेलंय, टोपलेत घालून भितीखाली ठेवलंय. सोमवारी पहाटे येवन बघतंय तर टोपली रिकामी. श्यामकांतभाऊंका वाटला, कोणी भक्तान देवाक दिल्यान. खिरापत झाली. दोनशे माणसांनी खाल्ली." त्याने हाताच्या पाठीने डोळे पुसले. "देवाच्या पुढ्यातला माझा म्हणून मागू? वर चढूक गेलंय तर हार लावलेले. श्यामकांतभाऊ म्हणाले, झाला तुझा काम. म्हटलंय, गोकुळअष्टमी होवंदे, मागसून घासतलंय."

"आणि हे बुधवारी का बोलला नाहीस?"

"भित पाणी प्याली ता माका कळला. पण हात खयसून इलो ता खरंच कळना नाय, भाऊनू. अर्धा सांगून प्रसादाक कित्याक नावां ठेवू?"

भाऊंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. आता सगळं जुळलं होतं. आणि नेमकं तेच त्यांना जड वाटत होतं. कारण हाताचा मालक त्यांना कळला होता, आणि कमिटी दुपारी चारला जमणार होती.

सहा

चार वाजता खिडक्या लावून घेतल्या. कमिटी सतरंजीवर बसली. बुवाही आले, पण व्यासपीठावर न चढता खाली कोपऱ्यात टेकले. कुंदाबाईंनी बंबातल्या कढत पाण्याच्या दोन बादल्या आणवल्या होत्या. त्या भिंतीखाली ठेवल्या.

वाफ चढली. भिंत हळूहळू करडी झाली. आणि कीर्तन नसताना, गर्दी नसताना, तो हात उमटला.

"अरेच्चा!" श्यामकांत उठलाच.

"बस, अजून आहे." भाऊंनी दशरथला खूण केली. त्याने भिंतीचा एक कोपरा कोरडा पुसला, खोबऱ्याच्या वाटीने घासला, मऊ फडक्याने घोटला. पुन्हा वाफ. सगळी भिंत करडी, आणि तो कोपरा दुधासारखा पांढरा.

भाऊंनी मग खिरापतीची गोष्ट सांगितली. श्यामकांत खाली बघत राहिला. "म्हणजे ते खोबरं भिंतीचं होतं?" तो म्हणाला. "आणि मी... मी स्वतः दोनदा घेतली खिरापत!" कोणाला तरी हसू फुटलं, पण दशरथकडे बघून लगेच विरलं.

"मिस्त्री निर्दोष, हे पटलं," बुवा म्हणाले. "पण हात?"

"हात मुद्दाम उमटवलेला नाही, बुवा. चमत्कार करायचा असता तर आशीर्वादाचा हात केला असता, बोटं वर, डोक्याच्या उंचीला. हा उलटा आहे, कमरेखाली. भिंतीला पाठ लावून उभ्या असलेल्या माणसाचा. तेही रविवारी दुपारीच, कारण चुना ओला असतानाच तेल आत शिरतं. सोमवारनंतर टेकला असता तर फडक्याने निघून गेला असता."

"मग नाव सांगा," श्यामकांत म्हणाला.

भाऊंनी चष्मा काढून पुसला. "हरवलेल्या सामानाचा मालक मी शोधत असे, श्यामकांत. पण ते न्यायचं की नाही, हे तो ठरवी. नाव मी सांगणार नाही. भिंत वाचली, माझं काम झालं."

"असं कसं? बुवांनी अट घातलीय. नाव आल्याशिवाय..."

"माझा हात आहे तो."

सगळ्यांनी मागे पाहिलं. रुक्मिणी दारात उभी होती, केरसुणी हातात तशीच.

"नंदूला काही बोलू नका," ती म्हणाली. "मी केर काढताना गुणगुणते, ते तो ऐकतो. म्हणाला, मावशी, आज कोणी नाही, एकदा उभी राहून म्हण, मी पेटी धरतो. हाताला खोबरं होतं, तशीच उठले. तिथे पाऊल ठेवू नये हे मला कळतं. पण ठेवलं. नमन म्हटलं. आख्यान सुरू करणार, तेवढ्यात फाटक वाजलं. घाबरून मागे सरले, तेव्हा टेकला असेल." तिचा आवाज बारीक झाला. "बुधवारी मला कळलं नाही, तो माझाच म्हणून. उलटा होता ना. लोक पाया पडत होते, मी पण पडले. मिस्त्रीदादा, तुमच्यावर आळ आला, मला माफ करा. बुवा, कामावरून काढा, पण ही भिंत नका खरवडू."

नंदू ताडकन उभा राहिला. "तिला काढलंत तर पेटी मी पण उचलली, सांगून ठेवतो!"

"बस रे तू," बुवा म्हणाले. ते रुक्मिणीकडे वळले. "आख्यान सुरू करणार होतीस म्हणालीस. कुठलं?"

"सुदाम्याचं."

"कोणी शिकवलं?"

"कोणी नाही. तुम्हीच. मी दाराशी बसून ऐकते ना."

बुवा उठले. त्यांनी दशरथसमोर जाऊन हात जोडले. "मिस्त्री, माझ्या अटीमुळे तुम्ही दोन दिवस उपाशी राहिलात. मला क्षमा करा." दशरथने घाईघाईने त्यांचे हात धरले. मग बुवा वळले. "आणि रुक्मिणी, परवा रविवारी नमन तू म्हणायचंस. तिथेच उभी राहून. मी मागे टाळ धरीन."

"नको बुवा! माणसांपुढे माझे पाय कापतात."

"माझेही कापतात. पंचेचाळीस वर्षं कापताहेत. म्हणून तर धोतर घोळदार नेसतो."

सात

शनिवारी सकाळी जी माणसं भिंत खरवडायला यायची होती, त्यांना श्यामकांतने येऊ नका म्हणून निरोप धाडला. त्यांच्याऐवजी तो स्वतः बनियनवर आला, हातात खोबऱ्याच्या गोट्यांची पिशवी. दशरथने एकेकाला वाटी धरायला शिकवली. "दाबू नको रे, भित हा ती, म्हस नाय!" तो सेक्रेटरीवर खेकसला, आणि मग आपणच जीभ चावून हसला. वरचा भाग त्याने शिडीवरून घासला, मधला नंदूने आणि श्यामकांतने, खालचा कुंदाबाई आणि रुक्मिणीने. भाऊंना कोणी घासू दिलं नाही. त्यांनी फडकी धुतली. दुपारपर्यंत भिंत अशी झाली की शिरांमधून माणसांची तोंडं दिसू लागली. बादल्या ठेवून पाहिलं. करडेपणा नाही, हात नाही. सगळीकडे सारखं पांढरं.

रविवारी पुन्हा पाऊस आणि पुन्हा बंद खिडक्या. हाताचं नाव ऐकून मुलुंडच काय, भांडुपहूनही माणसं आली होती. त्यांना भिंतीत काही दिसलं नाही. दिसली ती सुती लुगड्यातली एक ठेंगणी बाई, बुवांच्या जागी उभी. तिच्या मागे खुद्द बुवा, टाळ घेऊन.

"ही तर केर काढते इथला," कोणीतरी कुजबुजलं.

"मग आज गाणार आहे," कुंदाबाईंनी मागे न बघता सांगितलं. "गप्प बसा."

नंदूने काळी पाच धरली. रुक्मिणीने डोळे मिटले. पहिली ओळ अर्ध्यावर गेली आणि आवाज फुटला. ती थांबली.

मग पुढच्या रांगेतून, जिला बुधवारी हात दिसला होता त्याच म्हातारीने, आपल्या थरथरत्या आवाजात ती ओळ उचलली. तिच्या शेजारणीने उचलली. भाऊंनी उचलली. बघता बघता सगळं मंदिर ती ओळ म्हणू लागलं आणि रुक्मिणीच्या पायाशी आणून ठेवू लागलं. तिने डोळे उघडले, आणि दुसरी ओळ तिची तिने घेतली. उंच, सरळ, कुठेही न चिरणारी.

दशरथ आज चपलांजवळ नव्हता. श्यामकांतने त्याला दंडाला धरून पुढे, आपल्या शेजारी आणून बसवलं होतं. त्या संध्याकाळी त्याने एकदाही भिंतीकडे पाहिलं नाही. तो मांडी घालून, मान डोलवत, चुन्याने पांढरे झालेले दोन्ही हात भरून टाळ्या देत होता.